डावीकडेच वळायचं

गावाला वळसा घालून जाते ती नदी वार्ता.
आपल्याला नाव ओळखीचं वाटतं;
पोलंडमधल्या या लोकांना त्यात काही ऐकू येत नाही.
पाणी करडं, संथ, कालचंच.

बोगुमिला पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसते.
सत्तावीस वर्षं. काचेखाली बोटभर फट,
तिच्यातून बिलं आत येतात, आणि थोडी थंडी.
घरी साडेसातच्या बातम्यांत
तेच दोन पुढारी, टाय बदललेले,
एकमेकांना कालचंच सुनावतात.
व्हिटोल्ड मांडीवर रिमोट ठेवून पेंगतो.
बटाटे सोलताना तिच्या ध्यानात येतं
की ती आज मंगळवार धरून चालली होती
आणि आहे गुरुवार,
आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

मग एप्रिलमधला एक रविवार.
स्टेडियमपाशी गर्दी, बस पुढे जाईना,
ड्रायव्हर म्हणाला, उतरा.
घाई नव्हती, तिकीट स्वस्त होतं.
एवढीच कारणं.

चार मोटारसायकली, चार फेऱ्या.
शेजारचा म्हातारा सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला,
मीठ संपलंय म्हणावं तशा आवाजात:
ब्रेक नसतात बाई. गिअर एकच.
आणि वळायचं फक्त डावीकडे.
फीत वर उडाली.
वळणावर चौघंही आडवे झाले,
पुढचं चाक उजवीकडे, गाडी मात्र डावीकडे,
आणि कठड्यावरून लाल कचेचा फवारा
थेट तिच्या तोंडावर.
दातांत कचकच. नाकात जळक्या एरंडेलाचा गोडूस वास.
ती हसली.
इतक्या मोठ्यानं, की पुढच्या रांगेनं मागे वळून पाहिलं.
झालं, म्हातारा म्हणाला, आता घरी सांगा उशीर होईल म्हणून.

चौकटींचा छापील कागद आता ती स्वतः भरते.
तीन, दोन, एक, शून्य.
लाखांच्या थकबाकीपुढे कधी न हललेला तिचा हात
तेराव्या फेरीला थरथरतो,
आणि दोनाचा तीन दिसायला लागतो.

संघ तसा काही नावाजलेला नाही.
दुसऱ्या श्रेणीत, तिथेही तळाला घासत.
जूनमध्ये एकदा फटीतून बिल आत आलं
आणि मागोमाग प्लास्टरमधलं मनगट.
कॉर्नेल. एकोणीस वर्षांचा, पिवळ्या हेल्मेटचा.
आईचं बिल, दोन महिने थकलेलं.
दंड तिनं पूर्ण घेतला, एक पैसाही सोडला नाही.
शिक्का मारून विचारलं, किती दिवस?
तीन आठवडे, तो म्हणाला.
लवकर नको करूस, ती म्हणाली. मग: पण फार उशीरही नको.
त्या दिवशी चहाच्या सुट्टीत
अख्ख्या पाणी खात्याला एका मनगटाची खबर होती.

व्हिटोल्डनं विचारलं एकदा,
पोरं गोल गोल फिरतात, त्यात तुला काय मिळतं?
तिनं पावावर लोणी लावलं. टोकापर्यंत.
उत्तर असतं तर दिलं असतं.

सप्टेंबरात शेवटचा सामना. चव्वेचाळीस, सेहेचाळीस.
दोन गुण. खालची श्रेणी.
बसथांब्यावर ती रडली, गळ्यात संघाचा मफलर,
पन्नाशी उलटलेली सरकारी बाई.
लाज वाटली. आणि बरंही वाटलं,
जसं झोपलेल्या पायात मुंग्या आल्यावर वाटतं:
आहे म्हणजे पाय अजून.

आता डिसेंबर. चार वाजता अंधार.
टायही बदलायचं सोडलंय पुढाऱ्यांनी.
औषधांच्या दुकानात सुटे पैसे शोधताना
पर्सच्या अस्तरातून काउंटरवर सांडली
चिमूटभर लाल कच.
दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं. चष्मा वर केला.
एकशे बारा, तो हळूच म्हणाला.

एकशे अकरा, बोगुमिला म्हणाली.
आजचा कशाला धरता?